कानाकडे कानाडोळा नको



ज्याच्या जिवावर तुम्ही आत्ता आम्हाला ऐकताय, त्या कानाबद्दल आज आपल्याला बोलायचं आहे.

आम्ही गटाच्या कामासाठी गावोगाव फिरतो. बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की बायका डोळ्यांबद्दल विचारतात, गुडघ्यांबद्दल विचारतात, अंगात रक्त कमी आहे म्हणून विचारतात. कानाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. डोळे कमी झाले तर सुईत दोरा जात नाही, ते लगेच कळतं. कान मात्र हळूहळू, गुपचूप कमी होत जातात. ज्या बाईचे कान कमी होतात, तिला स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं. तोवर घरातले बोलायला लागलेले असतात, "हिला हाका मारून घसा बसला", "ही मुद्दामच ऐकत नाही".

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ऐकण्याबद्दल एक मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे, की जगात दीडशे कोटींहून जास्त माणसांना थोडंफार तरी कमी ऐकू येतं. त्यातल्या ४३ कोटींना उपचार किंवा यंत्राची गरज पडावी इतकं कमी येतं. लहान मुलांमधल्या बहिरेपणापैकी ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा असतो, असंही हीच संघटना सांगते. टाळायचा तर आधी कान आतून कसा आहे हे माहीत हवं. म्हणून आज आपण कानाच्या आत एक फेरी मारून येऊ.

आवाज म्हणजे थरथर

घरातच एक गोष्ट करून बघा. एखाद्या पातेल्यावर प्लॅस्टिकची पिशवी कापून घट्ट ताणून बांधा. वर चिमूटभर रांगोळी टाका. मग तोंड जवळ नेऊन, फुंकर न मारता, मोठ्याने "ऊऊऊ" असा आवाज काढा. रांगोळी नाचायला लागते. तिला कुणी हात लावला नाही. तुमच्या गळ्याची थरथर हवेत गेली, हवेची थरथर प्लॅस्टिकवर आली आणि रांगोळी उडाली. आवाज म्हणजे एवढंच. आता गळ्यावर बोट ठेवून गुणगुणा, बोटाला थरथर लागेल.

कानाचं सगळं काम हेच आहे. हवेतली थरथर पकडायची, आत न्यायची आणि मेंदूला समजेल अशा निरोपात बदलून द्यायची. त्यासाठी कानाला तीन खण आहेत. जुन्या घराला जशी ओसरी, मग माजघर आणि सगळ्यात आत देवघर असतं, तसेच हे खण आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि आंतरकर्ण म्हणतात. आज एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची आहे. ओसरी आणि माजघरात बिघाड झाला तर बहुतेक वेळा दुरुस्ती होते. देवघरातल्या पेशी गेल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत.

ओसरी: पाळीपासून पडद्यापर्यंत

आपण ज्यात कुडी, झुबे, वेल घालतो तो बाहेरचा कान म्हणजे ओसरीचं अंगण. त्याचा आकार सुपासारखा, आवाज गोळा करून आत लोटणारा. आजी कानामागे हात धरून ऐकते तेव्हा ती हे सूप थोडं मोठं करत असते.

तिथून आत साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची एक वाकडी बोळ जाते. बोळीच्या बाहेरच्या भागात बारीक केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. मैत्रिणींनो, कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो चिकट असतो म्हणून धूळ आणि चिलटं त्याच्यात अडकतात. तो कातडी मऊ ठेवतो आणि जंतूंना अटकाव करतो. शिवाय बोळीतली कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, तसा मळ आपोआप बाहेर येतो. म्हणजे कान स्वतःच स्वतःला झाडून घेतो.

आपण काय करतो? केसातली पिन, आगकाडी, सेफ्टी पिन, कानकोरणं, जे हाताला लागेल ते आत घालतो. त्याने मळ बाहेर येण्याऐवजी आत ठोसला जातो. पोराचा धक्का हाताला लागला तर पिन थेट पडद्यात. कापूस लावलेल्या काड्याही आत घालायच्या नाहीत. मळ दाटून ऐकू येईनासं झालं तर डॉक्टर थेंब देतात, मळ मऊ झाला की काढून टाकतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची आपली जुनी पद्धत आहे. टाळूवर तेल घाला, अंगाला चोळा, पण कानात नको. ओलसर तेलकट बोळीत बुरशी धरते. आणि पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल थेट माजघरात जातं. कान ठणकतो म्हणून लसूण कढवून गरम तेल घालणं तर फारच धोक्याचं.

पोरं कानात हरभरा, चिंचोका, मणी घालतात. अशा वेळी पाणी ओतू नका. दाणा पाण्याने फुगतो आणि घट्ट बसतो. चिमट्याने ओढायलाही जाऊ नका, तो घसरून आत जातो. दवाखाना गाठा. खेळण्यातला किंवा घड्याळाचा बटणासारखा छोटा सेल कानात गेला असेल तर एक तासही थांबू नका, तो आतून कातडी जाळतो.

बोळीच्या शेवटी असतो कानाचा पडदा. तो संबळाच्या कातड्यासारखा ताणलेला, पण जाडी कागदाएवढी आणि रुंदी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. हवेची थरथर त्याच्यावर आपटते आणि तो थरथरतो.

इथे एक बोलायलाच हवं. आपल्याकडे "कानाखाली वाजवीन" असं सहज म्हटलं जातं आणि सहज वाजवलंही जातं. पसरलेला पंजा कानावर बसला की बोळीतली हवा एकदम दाबली जाते आणि त्या दाबाने पडदा फाटतो. कानात शिट्टी वाजते, रक्ताचा थेंब येतो, ऐकू कमी येतं. असं झालेल्या बाया दवाखान्यात "पडले", "दार लागलं" असं सांगतात. फाटलेला पडदा बहुतेक वेळा एक-दोन महिन्यांत आपला आपण भरून येतो. त्या काळात कानात पाणी, तेल, घरचं औषध काही जाऊ द्यायचं नाही आणि नाक जोरात शिंकरायचं नाही. पण डॉक्टरांना खरं कारण सांगा. ते कागदावर येतं आणि पुढे उपयोगी पडतं. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा मदतीचा फोन आहे. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पोराच्या कानाखाली मारायचा हात आपलाही असू शकतो, तोही आवरायला हवा.

माजघर: तीन इवली हाडं

पडद्याच्या आत हवेने भरलेली एक लहानशी खोली आहे. तिथे एकाला एक जोडलेली तीन हाडं आहेत. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. रिकीब म्हणजे घोडेस्वार ज्यात पाय अडकवतो ती कडी. हे आपल्या अंगातलं सगळ्यात लहान हाड. त्याची उंची साधारण तीन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. हातोडी पडद्याला चिकटलेली असते. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या खणाच्या इवल्या दारावर धक्के देते.

ही एवढी यातायात कशाला? कारण आतल्या देवघरात हवा नाही, पाण्यासारखा द्रव आहे. विहिरीत बुडी मारली की काठावरच्या माणसाच्या हाका ऐकू येत नाहीत, हे पोहणाऱ्यांना माहीत आहे. हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो. मग कानातल्या पाण्यात आवाज शिरणार कसा? त्यावर शरीराने काढलेली युक्ती म्हणजे ही हाडं. अंगठा पोत्यावर कितीही दाबा, पोतं फुटत नाही. तोच जोर दाभणाच्या टोकावर दिला की आरपार जातो. पडदा मोठा आणि आतलं दार त्याच्या मानाने बरंच लहान. मोठ्या पडद्यावरचा सगळा जोर त्या लहान दारावर एकवटतो आणि दाब वीसेक पटींनी वाढतो. म्हणून हळू बोललेलंही आत पोचतं.

माजघराला एक मागचं दार आहे. तिथून एक नळी घशात उतरते. एसटी घाट चढायला लागली की कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की टक् करून मोकळं होतं, ते या नळीमुळे. नळी उघडते, आतली आणि बाहेरची हवा सारखी होते. लहान बाळाची ही नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की घशातले जंतू चटकन कानात जातात, पू होतो आणि पोर रात्रभर कान धरून रडतं. बाळाला आडवं ठेवून बाटलीने दूध पाजू नका. अंगावर पाजताना डोकं थोडं उंच धरा. घरात विडी-सिगारेट ओढू देऊ नका, त्या धुराने पोरांचे कान जास्त फुटतात.

कान फुटला की आपल्याकडे म्हणतात, "वाहू दे, मोठा झाला की बंद होईल." नाही बायांनो. वाहून वाहून पडद्याला कायमचं भोक पडतं आणि हाडं झिजतात. थोडाच पण घाण वासाचा पू येत असेल, सोबत चक्कर, डोकेदुखी किंवा तोंड वाकडं होत असेल, तर ताबडतोब जिल्हा रुग्णालय गाठा. तो पू हाड खात मेंदूपर्यंत पोचू शकतो. वाहता कान कोरडा ठेवा. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घाला. पोरांना विहिरीत पोहायला सोडू नका. पडद्याचं भोक शस्त्रक्रियेने बुजवता येतं.

माजघराचा अजून एक आजार आहे, तो बायकांमध्ये जास्त आढळतो. रिकिबीच्या बुडाशी हाड वाढतं आणि ती दारात अडकून बसते, हलतच नाही. विशीत-तिशीत सुरुवात होते. आमच्या भागातल्या एका गटात अशी एक ताई होती. बैठकीत हाक मारली तर उत्तर नाही, बोलली तर इतकं हळू की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये. बाया म्हणायच्या, ही ताठ आहे. सासरी म्हणायचे, मंद आहे. गंमत म्हणजे पिठाच्या गिरणीच्या घरघरीत मात्र तिला माणसांचं बोलणं बऱ्यापैकी समजायचं. हीच या आजाराची खूण असते. गोंगाटात सगळेच मोठ्याने बोलतात, म्हणून तिला बरं ऐकू यायचं. आणि स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटायचा, म्हणून ती हळू बोलायची. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली आणि कागदावर आजाराचं नाव आलं. आता ती यंत्र लावते. अडकलेल्या रिकिबीच्या जागी बारीकशी कृत्रिम दांडी बसवायची शस्त्रक्रियाही असते, त्याचा ती विचार करते आहे. ताठपणा नव्हता आणि मंदपणाही नव्हता. तीन मिलिमीटरचं एक हाड अडकलं होतं.

देवघर: शंखातलं पीक

आता सगळ्यात आत. डोक्याच्या हाडात कोरलेला, गोगलगाईच्या शंखासारखा एक इवला शंख आहे. त्याला अडीच वेटोळे. उलगडून सरळ केला तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. आत द्रव भरलेला असतो. रिकीब दारावर धक्के देते तशा या द्रवात लाटा उठतात. शंखाच्या आत लांबच्या लांब एक पडदी आहे आणि तिच्यावर साधारण पंधरा हजार पेशी ओळीने उभ्या आहेत. त्यांच्या डोक्यावर केसांसारखे तुरे असतात, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. लाट आली की तुरे वाकतात, जसं वाऱ्यावर ज्वारीचं पीक डोलतं. तुरा वाकला की पेशीतून विजेचा निरोप निघतो, नसेतून मेंदूत जातो आणि मेंदू म्हणतो, "सासूबाई हाक मारतायत."

भजनी मंडळाची पेटी आठवा. एका टोकाला बारीक सूर, दुसऱ्या टोकाला जाड सूर. शंखही तसाच आहे. दाराजवळच्या पेशी बारीक, किनरे आवाज पकडतात. शंखाच्या टोकाकडच्या पेशी जाड, घोगरे आवाज पकडतात. लाट कुठे सगळ्यात उंच उठली त्यावरून आवाज ओळखला जातो, हे गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवलं. त्यांना त्यासाठी १९६१ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

शंखाला लागूनच तीन अर्ध्या बांगड्यांसारख्या नळ्या आहेत. त्या आपला तोल सांभाळतात. फुगडी थांबली तरी घर फिरत राहतं, कारण आपण थांबलो तरी त्या नळ्यांतलं पाणी थोडा वेळ फिरतच असतं. म्हणून चक्कर येत असेल तर कानही तपासावा लागतो.

आता पिकाची गोष्ट. वाऱ्याने वाकलेली ज्वारी पुन्हा उभी राहते. पण गुरांचा कळप सारखा तुडवून गेला तर ती आडवी पडते. केसपेशींचं तसंच आहे. फरक इतकाच, की रानात पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. इथे पेरणी आयुष्यात एकदाच.

आजीला मुलाचं ऐकू येतं, सुनेचं का नाही?

वय झालं की सगळ्यात आधी दाराजवळच्या पेशी जातात, म्हणजे बारीक आवाज जातो. बायकांचे आणि मुलांचे आवाज बारीक असतात, पुरुषांचे जाड. त्यामुळे आजीला मुलाचं बोलणं कळतं आणि सुनेचं कळत नाही. सून म्हणते, "त्यांचं बरोबर ऐकू येतं, माझंच येत नाही." आजी म्हणते, "ही तोंडातल्या तोंडात बोलते." दोघी खरं बोलतायत. दोष शंखातल्या पेशींचा आहे आणि भांडण मात्र चुलीपाशी होतं.

दुसरं असं, की स, श, फ, थ, अशी अक्षरं बारीक आणि हलकी असतात. ती आधी गळतात. मग "साठ" आणि "आठ" सारखंच ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. अशा माणसासमोर ओरडून उपयोग नाही, ओरडण्याने शब्द आणखी फाटतात. समोर या. तोंडावर उजेड राहील असं बसा. टीव्ही बंद करा. सावकाश आणि स्पष्ट बोला. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा.

आणि गटात याचा थेट पैशाशी संबंध आहे. कर्ज किती, व्याज किती, हप्ता कधी, हे एखाद्या मावशीला नीट ऐकू आलं नाही तर ती अंदाजाने मान हलवते. "बहिरी" म्हणतील म्हणून परत विचारत नाही. म्हणून आकडा बोलताना पासबुकावर बोट ठेवून दाखवा आणि तिच्याच तोंडून परत वदवून घ्या.

डीजेची भिंत आणि आपली पोरं

साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर आपण तासन्‌तास उभ्या राहतो, काखेत पोर घेऊन. मोजायचं यंत्र नको. हातभर अंतरावरच्या मैत्रिणीशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला जास्त आहे.

"कानठळ्या बसल्या" असं आपण म्हणतो ना, ती देवघरातल्या पिकाची तक्रार असते. दुसऱ्या दिवशी कान मोकळे वाटतात, म्हणून आपण विसरतो. पण दर वेळी थोडं पीक कायमचं आडवं पडू शकतं. मोठा आवाज आला की माजघरातले छोटे स्नायू हाडं आवळून धरतात, पण फटाक्याचा बार इतका अचानक येतो की त्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

म्हणून भिंतीपासून लांब उभ्या राहा, लहान मुलांना तर जवळ नेऊच नका. मळणी यंत्रावर आणि गिरणीत काम करणाऱ्यांनी कानात घालायची फोमची बोंडं वापरावीत, नुसत्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. कानात हेडफोन घालून झोपणाऱ्या पोरांना टोका. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. ११२ वर तक्रार करता येते. गावात महिला ग्रामसभा असते, तिथे हा विषय घ्या.

बाळ बोलत नाही, कारण ते ऐकत नाही

सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटातलं बाळ आवाज ऐकायला लागतं. जन्मलं की आईचा आवाज ओळखतं. पण काही बाळं जन्मतःच ऐकत नाहीत, आणि ते दिसून येत नाही. अशी मुलं मुकी म्हणून ओळखली जातात. त्यांचा गळा, जीभ बहुतेक वेळा चांगलीच असते. जो शब्द कधी कानावर पडला नाही, तो तोंडातून येणार कसा?

मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही, सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाकडे मान वळवत नाही, वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नका. "बापही उशिराच बोलला होता" हे वाक्य घराघरात ऐकू येतं आणि त्यातच सोन्यासारखी वर्षं जातात. भाषा शिकायची मेंदूची खरी घाई पहिल्या तीन वर्षांत असते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा डॉक्टरांचा हिशेब आहे.

तपासणी अगदी सोपी आहे. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ बोंड ठेवतात आणि बारीक आवाज सोडतात. चांगला शंख त्याला उत्तर म्हणून स्वतः एक बारीकसा आवाज परत पाठवतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ साली हे शोधलं. कान नुसता ऐकत नाही, उत्तरही देतो. उत्तर आलं नाही तर पुढची तपासणी करतात. यंत्रानेही भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट करतात. त्यात शंखात बारीक तार बसवून केसपेशींचं काम थेट नसेला निरोप देऊन केलं जातं.

टाळण्याचे उपाय आपल्या हातात आहेत. गोवर-रुबेलाची लस बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत द्या. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय यांना धोका असतो. मुलींनी ही लस लग्नाआधी घेतलेली असावी, गरोदरपणात ती देत नाहीत. बाळंतपण दवाखान्यात करा. बाळाची कावीळ वाढू देऊ नका. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जमवताना हे लक्षात ठेवा, की नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. आणि काही इंजेक्शनं केसपेशी मारतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने इंजेक्शन घेऊ नका.

कुठे जायचं

आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. तिथे कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बोट वर करायचं. दुखत नाही, सुई नाही. एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मात्र दोन-तीन दिवसांच्या आत जायलाच हवं, उशीर झाला तर उपचार लागू पडत नाहीत.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि "याला ऐकू कमी येतंय का, बघा" असं स्वतः सांगा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था बोलणं आणि ऐकणं याच विषयावर काम करते. गरजूंना श्रवणयंत्र मिळण्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. जत्रेत किंवा फोनवरून मागवलेलं यंत्र लावू नका. आपल्या कानाच्या तपासणीनुसार बसवलेलंच यंत्र चालतं, आणि त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. चष्म्याची लाज वाटत नाही, तर याची का वाटावी? गट औषधपाण्यासाठी कर्ज देतो, तसं श्रवणयंत्रासाठीही देता येईल.

दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. तिसऱ्या महिन्याची तीन तारीख, म्हणजे ३ आणि ३. हे दोन आकडे दोन कानांसारखे दिसतात म्हणून तो दिवस निवडला. पण आपण मार्चची वाट बघायला नको. पुढच्या बैठकीत एवढं करा. रांगोळीचा प्रयोग करून बघा. मग प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. तुला टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा मोठा लागतो का? लोक बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही, असं होतं का? कुणाचा कान वाहतो किंवा वाजतो का? एकीनेही "हो" म्हटलं तर तिला एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी मिळून सोबत जा. दवाखान्यात नाव पुकारतात, ते तिला ऐकू येणार नाही.